पारंपरिक नव्हे, गोदाबाई

पारंपरिक नावाची बाई जळकोटात कधीच राहत नव्हती. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं क्रमानं सांगता येईल.

मुलांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही मला फोनवर एक अल्बम पाठवलात आणि खाली लिहिलंत, 'आजी, ही तुझ्याकडची गाणी ना? आवाज भारी आहे. गायिका म्हणून पारंपरिक असं दिलंय.' अल्बमचं नाव होतं 'निवडक आराधी गाणी'. वर देवीचं चित्र, भोवती दिवे. मी पहिलं गाणं लावलं आणि आवाज ओळखायला मला एक ओळसुद्धा लागली नाही. तो आवाज कित्येक वर्षं रोज सकाळी माझ्या फाटकाशी येत होता. तो गोदाबाईंचा आवाज.

मी परदेशी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुमच्या बाबांनी गाडीत तिकडच्या एका खेडवळ गवयाचा अल्बम लावला होता. त्याची आयुष्यभरातली गाजलेली गाणी एकत्र केलेली. कव्हरवर मोठी टोपी, गिटार आणि त्याचं नाव इतकं मोठं की बाकी काही लिहायला जागाच उरली नव्हती. त्याच्या गावाचं नाव तुम्हाला पाठ होतं, त्याच्या कुत्र्याचंही. मला ते आवडलं. पण मग आमच्या बाईचं नाव तुम्हाला माहीत नसावं, हे मला चालणार नाही.

गोदाबाईंचं घर आमच्या घराच्या बरोबर समोर. मी जळकोटच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा त्या आम्हाला शेळीचं दूध घालायच्या. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. ही माळ म्हणजे त्या आराधी होत्या. तुळजापूरच्या देवीच्या नावानं जे माळ घालतात, परडी घेऊन जोगवा मागतात आणि नवरात्रात देवीची गाणी गातात, त्यांना आपल्याकडे आराधी म्हणतात. त्यांचा गाण्याचा ताफा असतो, त्याला मेळा म्हणायचं. गोदाबाई आपल्या मेळ्याच्या म्होरक्या. त्यांचे यजमान सीतारामदाजी मागे उभे राहून संबळ वाजवायचे. घरीही दाजी साधारण मागेच उभे असायचे.

सकाळी फाटक वाजायचं आणि आवाज यायचा, "गोदा आली."

लोक 'मी आहे' म्हणतात, 'अहो बाई' म्हणून हाक मारतात. गोदाबाई नेहमी नाव सांगायच्या. चाळण मागायला आल्या तरी "गोदा आली", चाळण परत द्यायला आल्या तरी "गोदा आली". शेवटी एकदा मी म्हटलं, "गोदाबाई, रोज येता तुम्ही. आवाजावरून कळतं मला. नाव कशाला सांगता?"

"आवाजाचं काय सांगता बाई," त्या म्हणाल्या. "सर्दी झाली की बदलतोय. म्हातारपनी तर कुनाचा कुनाला वळखू येत न्हाय. नाव तेवढं हाय तसं ऱ्हातंय."

मला ते तेव्हा विनोदी वाटलं. त्या विनोद करत नव्हत्या.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात, हे तुम्ही पाहिलं आहे. तुमच्या आईच्या डब्यांवर तुमच्या आजोबांचं नाव वाचून तुम्ही विचारलंही होतं, की आजोबा डबे विकायचे का. त्या काळी नाव घालणारा माणूस यंत्र घेऊन गल्लीत यायचा आणि बायका भांडी घेऊन ओट्यावर जमायच्या. प्रत्येकीच्या भांड्यावर नवऱ्याचं नाव किंवा सासऱ्याचं. गोदाबाईंनी एक दिवस घरातली सगळी भांडी टोपलीत भरून आणली.

"मालकाचं नाव सांगा," तो म्हणाला.

"गोदावरी."

"मालकाचं, मावशी."

"भांडी कोन घासतंय?"

"तुमी."

"मग मालक कोन?"

त्यानं मदतीसाठी दाजींकडे पाहिलं. दाजी भिंतीला टेकून बिडी ओढत होते. म्हणाले, "घाल बाबा. न्हाय तर मला बी टोपलीत बसवून आनील अन् माझ्यावर घालाया लावील."

गल्ली हसली. गोदाबाई नाही हसल्या. सगळ्या भांड्यांवर, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा, 'गोदावरी' असं घालून होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. लिहिता-वाचता त्यांना जेमतेम येत होतं, पण तेवढी अक्षरं त्यांनी एकेका भांड्यावर बोट फिरवून तपासली.

आता त्यांच्या गाण्याबद्दल. काम करताना त्या कधीही गुणगुणायच्या नाहीत. दळताना, खुरपताना, शेळ्यांमागे फिरताना तोंड बंद. एकदा शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेनं त्यांना सहज म्हटलं, "गोदाबाई, एखादं गाणं म्हणा ना." त्यावर उत्तर आलं, "गानं काय तोंडी लावनं हाय का बाई, ताटात वाढाया?" गायच्या आधी गुळाचा खडा तोंडात धरायच्या, उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि मगच सुरू करायच्या. एकदा सुरू केलं की शेवटापर्यंत.

हा शेवट महत्त्वाचा आहे, म्हणून नीट सांगते. आराधी गाण्यात शेवटच्या कडव्यात नाव येतं. ज्यानं गाणं बांधलं त्याचं, त्याच्या गुरूचं आणि गावाचं. आधी देवी, मग तिचा डोंगर, तिचा शृंगार, आपलं गाऱ्हाणं, आणि अगदी शेवटी, सगळं सांगून झालं की, नाव. नाव आल्याशिवाय झांज खाली ठेवायची नाही, असा नेम. "नाव घेतल्याबिगर गानं उतरत न्हाय," गोदाबाई म्हणायच्या, "नुसतं वरच्यावर लोंबकळत ऱ्हातंय."

त्यांच्या गाण्यांच्या शेवटी दोन नावं असायची.

भागूनं गं सूर दिला, गोदा गाती जळकोटात,
दोघींचं बी नाव बांध, आई तुझ्या पदरात.

ही भागू म्हणजे त्यांची गुरू. गोदाबाई लग्न होऊन जळकोटात आल्या तेव्हा भागू म्हातारी होती. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, घर नव्हतं. देवळाच्या ओवरीत निजायची आणि गावोगाव जोगवा मागायची. तिनं या नव्या सुनेला पाणवठ्यावर कुणाशी तरी भांडताना ऐकलं आणि म्हणाली, "पोरी, आवाज चांगला हाय. वाया नको घालवू." आणि गाणी दिली. ती गेली तेव्हा तिचा एक फोटोही कुणाकडे नव्हता. गोदाबाई ही हकिगत सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "माझ्या गान्याच्या शेपटाला तेवढी हाय म्हातारी. दुसरीकडं कुटंच न्हाय."

एका नवरात्रात गावात मोठा मांडव होता. गोदाबाईंचं गाणं रंगात आलेलं आणि तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. कुणीतरी मोठे पुढारी. संयोजकांनी धावत जाऊन माइक काढून घेतला आणि स्वागताचं बोलायला लागले. मेळ्यातल्या बायकांनी झांजा थांबवल्या. गोदाबाई थांबल्या नाहीत. माइकशिवाय, उघड्या गळ्यानं, त्यांनी पुढचं कडवं धरलं. मागे एकटा संबळ चालू होता, आणि दाजी जमिनीकडे बघून वाजवत होते, जणू त्यांना यातलं काही माहीतच नाही. संयोजक माइकमधून "आदरणीय" एवढं म्हणायचे आणि गोदाबाईंचा आवाज त्याच्यावरून निघून जायचा. पुढारी हार घालून घ्यायला मान पुढे करून उभे, हार धरणारे हात हवेत. भागूचं नाव आलं, गोदाचं आलं, पदराची गाठ बांधून झाली. मग गोदाबाईंनी घाम पुसला आणि म्हणाल्या, "हां. आता घाला हार."

पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही. त्या न बोलावता गेल्या. "देवीनं बोलिवलंय, तुमचा काय संबंध," असं संयोजकांना सांगून मांडवात उभ्या राहिल्या.

कॅसेटचा जमाना आला तेव्हा तुळजापूरचे रेवणशेठ त्यांच्याकडे आले. देवळाच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं, पुढे कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा आणि मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेले. गोदाबाईंनी तिथं उभं राहून आपली गाणी गायली, दाजींनी संबळ वाजवला. त्या कॅसेटी खूप चालल्या. सोलापूरहून येणाऱ्या गाड्यांत, हायवेवरच्या धाब्यांत, कर्नाटकातून चालत येणाऱ्या लोकांच्या सोबतच्या टेम्पोंत हाच आवाज. कॅसेटच्या कव्हरवर मात्र दुसऱ्याच कुणा तरुण मुलीचा फोटो होता, ओठ रंगवलेली, कवड्यांची माळ उलटी घातलेली.

मी चिडले. "गोदाबाई, हा फोटो तुमचा नाही."

"असू द्या. तिचं थोबाड बरं दिसतंय."

"आणि नावही नाही तुमचं कव्हरवर."

"कव्हार काय, पोरं फाडून टाकतेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाव आत हाय बाई. शेवटाला. ते कसं काढतील?"

तिथं त्यांचा हिशेब चुकला. पण तो चुकायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

दरम्यान दाजी गेले. संबळ खुंटीला लागला. रेवणशेठही गेले आणि दुकान त्यांचा मुलगा संतोष पाहू लागला. कॅसेटी संपल्या, सीड्या आल्या आणि त्याही संपल्या. एक दिवस गोदाबाई तुळजापूरहून आल्या त्या हातात एक पेनड्राइव्ह घेऊन. पदराच्या गाठीत बांधून आणला होता. संतोषनं त्यांची निवडक गाणी एकत्र काढली होती, फोनवरही टाकली होती, आणि मावशींना मानानं ही एक प्रत दिली होती.

"गोदा आली," त्या म्हणाल्या. "बाई, तुमच्या नातवांनी तो गोल डबा पाठवलाय न्हवं का गान्याचा, त्याच्यात हे घालून लावा."

आम्ही व्हरांड्यात बसलो. त्यांनी पाय धुतले होते, आपलीच गाणी ऐकायची असली तरी. पहिलं गाणं सुरू झालं. तरुणपणीचा त्यांचा आवाज, मागे दाजींचा संबळ. गोदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मांडीवर बोटांनी ठेका धरून. दोन-तीन कडवी झाली आणि आवाज हळूहळू लहान होत गेला, जसा कुणी गात गात लांब निघून जावा. मग काहीच नाही.

गोदाबाईंनी डोळे उघडले. "लाइट गेली का?"

"नाही. पंखा चालू आहे."

दुसरं गाणं सुरू झालं. तेही तसंच, मध्येच विरून गेलं. तिसऱ्या गाण्याला त्यांनी ठेका धरला नाही. मान तिरकी करून नुसत्या वाट बघत राहिल्या. ते संपलं तेव्हा बोट वर करून म्हणाल्या, "म्होरचं." मी एकामागून एक सगळी लावली. एकाही गाण्याला शेवट नव्हता. देवी होती, डोंगर होता, शृंगार होता. भागू कुठेही नव्हती. गोदा कुठेही नव्हती.

मी अल्बमवर काय लिहिलंय ते फोनवर पाहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. गायिका : पारंपरिक.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

मी अर्थ सांगितला. म्हणजे जुनं, कुणी केलं ते माहीत नसलेलं, सगळ्यांचं.

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. समोर त्यांची शेळी माझा मोगरा खात होती. एरवी त्यांनी तिला हाकललं असतं. मग म्हणाल्या, "म्या तर जित्ती हाय अजून. माझं जाऊ द्या. म्हातारीला दुसऱ्यांदा मारलं की हो यानं."

मी म्हटलं, आपण रीतसर तक्रार करू, मी अर्ज लिहिते.

"लिवा. तुमी लिवा. पन तवर म्या काय गप बसू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तुळजापूरला गेलो. मंगळवार होता, गर्दीचा वार. संतोषनं उठून पाया पडून खुर्ची दिली, चहा मागवला. मुलगा वाईट नव्हता.

"मावशी, आता लोक एवढं लांब ऐकत न्हाईत," तो म्हणाला. "दोन कडवी ऐकली की बटन दाबतेत, म्होरचं गानं. मनून जरा बारीक केली सगळी."

"बारीक करायला डोकंबी कापता येतंय अन् पायबी. तू माझं नावच कसं कापलं?"

"शेवट होता तो, मावशी. कापायचं तर शेवटाकडनंच कापतेत."

"अन् ही पारंपरिक कोन आनली?"

"तसं लिवावं लागतंय. मजी पुना कुनी हक्क सांगत न्हाय."

"म्या सांगती हक्क."

"मावशी, गानी देवीची हायती. त्याच्यात आपलं नाव कशाला?"

"देवीचं नाव सांभाळाया अख्खं तुळजापूर बसलंय," गोदाबाई म्हणाल्या. "भागूचं सांभाळाया म्या एकलीच हाय."

पूर्ण गाणी परत घाल, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि तेच होण्यासारखं नव्हतं. रेवणशेठांच्या मूळ टेपांना ओल लागून त्या गेल्या होत्या. फोनवर टाकायला जेवढं उतरवलं तेवढंच राहिलं होतं. लोकांच्या घरच्या कॅसेटी उन्हानं आणि उंदरांनी कधीच संपवल्या होत्या. संतोष म्हणाला, पाहिजे तर नव्यानं करू, एक चांगली मुलगी आहे लातूरकडची, तिच्याकडून गाऊन घेऊ. "तुमचा आवाज आता बसलाय, मावशी."

"बसलाय. झोपला न्हाय."

मग त्यानं शेवटचा उपाय काढला. येत्या नवरात्रात दुकानापुढे मावशींचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, फेटा.

"शाल पांघरून मानूस झाकतेत बाबा," गोदाबाई म्हणाल्या. "मला झाकायचं न्हाय." चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

मला वाटलं, आता परत निघायचं. गोदाबाई मात्र दुकानाच्या पायरीवर बसल्या. परडी पुढे ठेवली, पिशवीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला. दुकानाच्या दाराला संतोषनं मोठा स्पीकर लावलेला होता आणि त्याच्यावर हाच अल्बम दिवसभर चालू असायचा. गाणं लागलं, दोन कडवी झाली, आवाज विरायला लागला. आणि तो जिथं संपला तिथून पायरीवरच्या म्हाताऱ्या गळ्यानं ते उचललं. आवाज चिरका झाला होता, श्वास मध्येच तुटत होता, पण सूर तोच होता.

भागूनं गं सूर दिला, गोदा गाती जळकोटात.

जाणारे लोक वळून बघू लागले. पुढचं गाणं लागलं, तेही विरलं, तेही गोदाबाईंनी पुरं केलं. कर्नाटकातून आलेला बायकांचा एक घोळका थांबला. त्यांना मराठी जेमतेम कळत होतं, पण गाणं पुरं झालं हे कळत होतं. त्या खाली बसल्या. एकीनं गोदाबाईंच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी पिशव्या सांभाळत बाजूला उभी होते. संतोषनं स्पीकर बंद करून पाहिला. मग तर गोदाबाईंनी गाणी पहिल्यापासूनच म्हणायला घेतली. त्यानं घाईनं पुन्हा चालू केला.

दुपार कलायला लागली तेव्हा एक जण दुकानात आला, पेनड्राइव्ह मागितला, आणि गल्ल्यावर टेकून विचारलं, "त्या आजीसकट गानी हायती का ह्याच्यात? का नुसतीच?"

संतोषनं नुसतीच आहेत असं सांगितलं. "मग नको," म्हणून माणूस निघून गेला.

त्याच्यानंतर आणखी एकानं तेच विचारलं. संतोष बाहेर आला, पायरीवर गोदाबाईंच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मावशी, शुक्करवारी या. रेकॉर्डिंग करू. तुमच्याच आवाजात."

"संबळ खराच पायजे. ती पेटीतली टकटक नको."

"खरा आनतो."

"अन् म्या सांगीन तसं."

"तुमी सांगताल तसं," तो म्हणाला. हे कबूल करताना आपण काय कबूल करतो आहोत, ते त्याला ठाऊक नव्हतं.

परतीच्या एसटीत गोदाबाई मांडीवर बोटांनी ठेका धरून बसल्या होत्या. नळदुर्ग गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, शेवटाला ठेवलं मनून कापलं. आता म्या उंबऱ्यात बसनार."

त्याच संध्याकाळी मेळ्यातल्या बायका त्यांच्या अंगणात जमल्या आणि तिथं खरं भांडण झालं. गोदाबाईंनी नवं ध्रुपद बांधलं होतं. प्रत्येक गाणं त्यानंच उघडायचं आणि प्रत्येक कडव्यानंतर परत त्याच्यावरच यायचं.

गोदा आली, भागूची गं, गोदा आली दारात.

सोनाबाई म्हणून त्यांच्या गुरुबहीण होत्या, भागूच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या झांज खाली ठेवून उभ्या राहिल्या. "देवीच्या आदी नाव? भागूनं हेच शिकविलं व्हय तुला? आपलं नाव शेवटाला घ्यायचं असतंय गोदे, खाली मान घालून. लोक मनतील, म्हातारीला चळ लागला."

"मनू दे."

"देवी काय मनंल?"

"देवीच्या दारात गेल्यावर कोन आलंय ते सांगावं लागतंय का न्हाय? का चोरावानी आत शिरायचं?"

"पन आजवर कुनी असं गायलं न्हाय."

"आजवर कुनी भागूला कापलं बी न्हवतं," गोदाबाई म्हणाल्या. "सोने, तू अन् म्या हाय तवर म्हातारी हाय. आपुन गेलाव की त्या डब्यात ती पारंपरिक ऱ्हाईल. तुला चालतंय का? मला न्हाय चालत."

मी समोर माझ्या खिडकीतून बघत होते. सोनाबाई खाली बसल्या. झांजेची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग खालच्या मानेनंच म्हणाल्या, "मग माझं नाव कुटं बसतंय?"

"झांज घे हातात," गोदाबाई म्हणाल्या. "बसिवते."

शुक्रवारी त्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खोलीत गाणी झाली. एका दमात एक कडवं निभत नव्हतं, तर त्या दोन दमांत म्हणायच्या. संतोष हेडफोन लावून बसला होता. पहिलं गाणं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. "मावशी, हे नाव तर सगळीकडंच आलं. सुरुवातीला बी, मदी बी. म्या बारीक कुटून करू?"

"कुटूनबी कर," गोदाबाई म्हणाल्या. "काप तुला जितं कापायचं तितं."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग हसला आणि म्हणाला, "दुसरं घ्या."

माझ्या अर्जांचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. म्हणून तो पहिला, कापलेला अल्बम अजून फिरतो आहे आणि तुम्हाला तोच सापडला. दुसरा शोधा. त्याच्यावर देवीचं चित्र लहान आहे आणि खाली लिहिलं आहे : गोदावरी सीताराम, जळकोट. गुरू : भागूबाई. झांज : सोनाबाई. ते संतोषनं आपण होऊन लिहिलं. आवाज पहिल्या अल्बमसारखा गोड नाही. तो ऐकायचा असेल तर ताठ बसून ऐका.

पुढे त्यांची नजर गेली आणि त्यांची लेक त्यांना तेरखेड्याला न्यायला आली. तेरखेडा म्हणजे आपल्याकडचं फटाके करणारं गाव. मी विचारलं, "करमेल का तिथं?"

"न करमाया काय झालं? त्या गावात आवाजाला कुनी भीत न्हाय."

भांडी त्यांनी सगळी नेली, फक्त ती चहाची गाळणी माझ्याकडे ठेवली. ती अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे.

मी त्यांना सोडायला फाट्यावर गेले. लेकीनं तुळजापूरला जाणारी एक जीप थांबवली आणि दोघी मागच्या बाकावर बसल्या. गोदाबाईंनी चाचपत दांडा धरला, मांडीवर परडी घेतली. जीपमध्ये गाणं चालू होतं.

गोदा आली, भागूची गं, गोदा आली दारात.

ड्रायव्हरला ते बहुधा फार वेळा ऐकून झालं होतं. त्यानं हात पुढे करून बटण दाबलं. पुढचं गाणं लागलं. संबळ निराळा, चाल निराळी, आणि त्याच्यावर तोच चिरका, तुटका आवाज : गोदा आली. त्यानं पुन्हा दाबलं. गोदा आली. पुढे बसलेले दोघे हसले. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "ही बाई काय जागा सोडती का बगा."

लेक काहीतरी सांगायला पुढे वाकली. गोदाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला मागे बसवलं. दिसत नसलेले डोळे त्यांनी आवाजाच्या दिशेनं वळवले आणि पाठ सरळ केली.

"दाब की अजून," त्या म्हणाल्या.

जीप हायवेला लागली. वळणापर्यंत मला ती दिसत होती, आणि वळणाच्या पुढेही थोडा वेळ ऐकू येत होती.